नेपल्समधील संत मोस्काती यांच्या खोल्या : प्राध्यापक-डॉक्टरांच्या राहत्या घराची मांडणी

नेपल्सच्या जुन्या शहरातील जेझू नुओवो चर्चची दर्शनी भिंत टोकदार घडीव दगडांची आहे. मुळात हा १४७० मध्ये बांधलेला सान्सेवेरिनो घराण्याचा वाडा, जो पुढे जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाने विकत घेऊन त्याचे चर्च केले. बहुतेक पर्यटक या भिंतीचे फोटो काढतात, आत एक फेरी मारतात आणि निघतात. आम्ही ज्या कंपनीची पायी सहल घेतली होती, तिच्या मार्गदर्शकानेही संत जुझेप्पे मोस्काती यांचे नाव एकदाच घेतले आणि आम्हाला पुढे नेले. त्यामुळे याच चर्चमधील त्यांच्या खोल्या पाहण्यासाठी सहल संपल्यावर स्वतंत्रपणे परत यावे लागले, आणि तेच बरे झाले.

मोस्काती धर्मगुरू नव्हते, कोणत्याही संघाचे व्रतस्थही नव्हते. १८८० मध्ये बेनेव्हेंतो येथे न्यायाधीशाच्या घरी जन्मलेला हा प्रापंचिक माणूस अविवाहित राहिला, रोज मिस्सा (चर्चमधील उपासना) ऐकून कामाला लागला आणि नेपल्सच्या इन्कुराबिली रुग्णालयात रुग्ण तपासता तपासता विद्यार्थ्यांना शिकवत राहिला. शरीरक्रियेचे रसायनशास्त्र हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता आणि इटलीत मधुमेहावर इन्सुलिन वापरणाऱ्या पहिल्या डॉक्टरांमध्ये त्यांची गणना होते. १९०६ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला, तेव्हा तोर्रे देल ग्रेको येथील रुग्णालयातून त्यांनी वृद्ध आणि अपंग रुग्णांना बाहेर काढले आणि त्यानंतर राखेच्या भाराने छप्पर कोसळले.

बहीण नीना हिने दिलेल्या सामानातून चर्चमध्ये त्यांची निजण्याची आणि रुग्ण तपासण्याची खोली पुन्हा मांडली आहे. येथे सर्वांत जास्त वेळ थांबावे ते आरामखुर्चीपाशी. १२ एप्रिल १९२७ रोजी सकाळी मिस्सा, मग रुग्णालय, दुपारी घरी रुग्णतपासणी असा नेहमीचा क्रम चालू असताना त्यांना बरे वाटेनासे झाले आणि तीनच्या सुमारास याच खुर्चीत त्यांचे प्राण गेले. वय अवघे ४६. खुर्ची अगदी साधी आहे. संतांच्या वस्तू सोन्याच्या चौकटीत पाहण्याची सवय असलेल्या डोळ्यांना ती चटकन दिसतही नाही, आणि माझ्या मते या मांडणीचे यश त्यातच आहे.

भिंतींवर मात्र गर्दी आहे. नवस फेडणाऱ्यांनी वाहिलेली चांदीची हृदये आणि अवयव छतापर्यंत लावलेले आहेत. वांद्र्याच्या मोतमाउलीला वाहिलेले मेणाचे हातपाय ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे सारे ओळखीचे वाटेल. दुसऱ्या महायुद्धात चर्चवर पडून न फुटलेल्या बॉम्बचे कवचही येथेच ठेवले आहे. थोडे विसंगत, पण नेपल्सला शोभणारे!

मोस्काती यांचे अवशेष चर्चच्या उजव्या बाजूच्या चॅपेलमध्ये (छोट्या प्रार्थनागृहात) वेदीखाली कांस्यपेटीत आहेत. पेटीवरील तीन शिल्पांत ते शिकवताना, दुःखितांना धीर देताना आणि रुग्णाच्या खाटेशी दिसतात. शेजारच्या पूर्णाकृती पुतळ्याचा हात भाविकांच्या स्पर्शाने इतका घासला गेला आहे की उरलेले कांस्य काळपट आणि तो हात तेवढा लखलखीत. १९८७ मध्ये प्रापंचिकांच्या जीवितकार्यावर बिशपांची सभा भरलेली असतानाच, २५ ऑक्टोबरला पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना संत घोषित केले.

चर्चला तिकीट नाही आणि दान्ते मेट्रो स्थानकापासून चालत जाता येते. खोल्या पाहून माणूस कळतो, पण संशोधक समजून घ्यायचा तर थोडे वाचून जावे. डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांना मी ही भेट आवर्जून सुचवेन. मोस्काती यांच्या दवाखान्यातील टोपीची गोष्ट त्यांनी विशेष ऐकावी. ज्याच्याकडे असेल त्याने टोपीत पैसे टाकावेत, नसेल त्याने त्यातूनच घ्यावेत, अशी मोस्काती यांच्या फीची रीत होती. वेळ असल्यास येथून पायी इन्कुराबिली रुग्णालयाच्या परिसरात जावे. तेथील ऐतिहासिक औषधालय पाहायचे असेल, तर ते उघडे आहे का याची आधी चौकशी करावी.