वैद्यकीय भांगेचा ऑनलाइन अभ्यासक्रम : औषधशास्त्र उत्तम, रुग्णाशी बोलणे अपुरे

बेळगावात नर्सिंग आणि फार्मसीच्या विद्यार्थ्यांना शिकवत असल्यामुळे एका परदेशी संस्थेचा वैद्यकीय भांगेवरचा ऑनलाइन अभ्यासक्रम मी त्यांच्यासोबत बसून पूर्ण केला. त्याची गरज होतीच, कारण खानापूर, निपाणी किंवा चंदगडहून येणाऱ्या एखाद्या रुग्णाच्या पिशवीत हल्ली ‘विजया’च्या, म्हणजे आयुर्वेदातल्या भांगेच्या, तेलाची बाटली निघते आणि तिच्याबद्दल काय विचारावे, हे चांगल्या पदवीधरांनाही सुचत नाही.

औषधशास्त्राचा भाग मन लावून तयार केलेला आहे. ड्रॅव्हे सिंड्रोम (लहानपणी सुरू होणारा अपस्माराचा गंभीर प्रकार) असलेल्या एका लहान मुलाचे उदाहरण मला विशेष आवडले. त्याला क्लोबाझाम आणि व्हॅल्प्रोएट ही आकडीवरची औषधे आधीपासून चालू असतात. सीबीडी, म्हणजे भांगेतला नशा न आणणारा घटक, सुरू केल्यावर आकडी कमी होते, पण मूल दिवसभर पेंगुळलेले राहते. यकृतातील एका एन्झाइमला सीबीडी अडवते, त्यामुळे क्लोबाझामपासून बनणारा सक्रिय घटक रक्तात साचतो, आणि सोबत व्हॅल्प्रोएट असल्यास यकृताची एन्झाइम्स वाढण्याचा धोकाही अधिक असतो, हे इतक्या स्वच्छ क्रमाने मांडले आहे की यकृताच्या तपासण्या कधी करायच्या, असे विद्यार्थ्यांनी आपणहून विचारले. सुरुवातीला, मग १, ३ आणि ६ महिन्यांनी, हे उत्तर पुढच्याच पाठात आहे. सीबीडीच्या ज्या शुद्ध औषधाला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली, त्याचा पुरावा आणि बाजारातल्या कोणत्याही तेलाचा दावा यांत अभ्यासक्रम कुठेही गल्लत करत नाही. कर्करोग बरा होतो असे आश्वासन तो देत नाही. केमोथेरपीतील मळमळ किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारातील स्नायूंचा ताठरपणा यांपुरतेच बोलतो आणि गरोदरपणात टाळण्याचा सल्ला ठामपणे देतो. एवढ्यासाठीच मी तो अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना सुचवेन.

कायद्याचा पाठ मात्र आपल्याकडे निरुपयोगी आहे. त्यात अमेरिकेतील राज्यांची रुग्ण-ओळखपत्रे आहेत, पण आपला १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा नाही. त्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांशिवायची नुसती पाने आणि बिया त्या व्याख्येबाहेर राहतात. भांगेची आयुर्वेदिक औषधे परवान्यानेच बनतात आणि वैद्यकीय देखरेखीखाली घ्यायची असतात. पानांबाबतचे नियम राज्याराज्यांत वेगळे असल्याने, राहायला महाराष्ट्रातल्या चंदगडला आणि उपचाराला कर्नाटकातल्या बेळगावात असलेल्या रुग्णाला विद्यार्थ्याने गृहीत धरून काहीही सांगू नये, हे मला वेगळे शिकवावे लागले.

याहून मोठी उणीव रुग्णाशी बोलण्याच्या पाठात आहे. त्यातील नमुना-मुलाखतीत डॉक्टर थेट विचारतो आणि रुग्ण मोकळेपणाने सांगतो. आपल्या वॉर्डात ‘गांजा घेता का?’ असे विचारले, की शेजारच्या खाटेवरची माणसे वळून पाहतात, सोबतचा मुलगा रागावतो आणि रुग्ण ‘छे, छे’ म्हणून गप्प होतो. म्हणून आम्ही तो संवाद नव्याने बसवला : “काका, दुखण्यासाठी दुसरं काही तेल, काढा, कुणी सुचवलेली गोळी चालू आहे का? ओरडणार नाही कुणी. बाटली असली तर दाखवा बघू.” कन्नड बोलणाऱ्या विद्यार्थ्यांनी त्याच धर्तीवर आपला संवाद तयार केला, आणि तो जास्त मायेचा झाला.

शेवटच्या परीक्षेत रिसेप्टरांची (भांगेचे घटक पेशींवर जिथे चिकटतात त्या जागांची) नावे विचारली आहेत, पण लेबल वाचायला लावणारा एकही प्रश्न नाही. तो मी घातला. ३० मिलिलिटरच्या बाटलीवर सीबीडी एकूण १५०० मिलिग्रॅम लिहिले असेल, तर १ मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम, आणि २० थेंबांचा १ मिलिलिटर धरल्यास एका थेंबात २.५ मिलिग्रॅम. आई ५ थेंब देत असेल तर मुलाच्या पोटात १२.५ मिलिग्रॅम जाते. त्या तेलात टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, किती आहे, हे लेबलवर वेगळे शोधावे लागते. हे दोन्ही आकडे केसपेपरवर क्लोबाझामच्या मात्रेशेजारी लिहून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचे, असे मी विद्यार्थ्यांना सांगितले आहे.