डाळिंबाला मधपेट्या भाड्याने घेतल्या, अनुभव

सांगोल्याकडच्या दोघा-तिघांनी विचारलं म्हणून लिहितोय. आंबे बहाराला (डाळिंबाचा जानेवारी-फेब्रुवारीतला फुलोरा) पेट्या घेतल्या, मेलिफेराच्या म्हणजे पाळीव युरोपियन माशीच्या, आपल्या देशी सातेरीच्या नाही. पेटीवाल्याची पोरं रात्रीच घेऊन आली कारण दिवसा माश्या बाहेर असतात, अन बांधावर सावली बघून लावून दिल्या, हे काम एकदम चोख. आता डाळिंबात नर फुलं गळतात ती गळणारच, माशी काय जादू करत नाही, पण बुडाला फुगीर असतात त्या फुलांचं सेटिंग (फळधारणा) यंदा मस्त झालं आणि फळंही एकसारखी दिसतायत. पेट्या फार आधी आणू नका, थोडी फुलं उमलली की आणा, नाहीतर माश्या शेजारच्या कांद्याच्या गोंड्यांवर पळतात.

नाराजी एकच, फवारणीचं आधी कोणी काही सांगितलं नाही, मीच फोन लावला तेव्हा कळलं की फुलोऱ्यात इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक नकोच, माश्या मरतात, बुरशीनाशक मारायचंच तर संध्याकाळी माश्या परतल्यावर. शेजाऱ्यालाही सांगावं लागतं, ते जास्त अवघड 😄 पेट्यांजवळ पाणी ठेवा. भाडं जरा जास्तच वाटलं पण पुढच्या बहाराला परत घेणार. मध मात्र सगळा पेटीवाल्याचा, आपल्याला एक बाटली पण नाही.