पॉलिशला गेलेली खुर्ची

आधी एक कबूल करते. जिनं आम्हाला फसवलं त्या इंटिरियर डिझायनर मुलीला रंगांची नजर होती. आमचा हॉल पश्चिमेला उघडतो, दुपारी चारनंतर केशरी ऊन थेट सोफ्यापर्यंत येतं. मला भिंत पिस्ता रंगाची हवी होती. ती पहिल्याच भेटीत म्हणाली, "काकू, पिस्ता सकाळी गोड दिसेल आणि संध्याकाळी आजारी." मग तिनं भिंतीवर तीन रंगांचे दोन-दोन फुटांचे पट्टे मारून घेतले, आठवडाभर तसेच राहू दिले आणि दोन प्रकारचे दिवे लावून दाखवले. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली जो मोरपंखी सरकारी दवाखान्यासारखा वाटत होता, तोच ३००० केल्विनच्या पिवळ्या दिव्यात असा खुलला की आमचे हे, ज्यांना पांढऱ्याशिवाय दुसरा रंग माहीत नाही, तेसुद्धा उठून जवळ जाऊन बघायला लागले.

हे सगळं खरं होतं. म्हणूनच बाकीचंही खरं असणार, असं आम्ही धरून चाललो.

कोथरूडमधली आमची जुनी सोसायटी पुनर्विकासाला गेली होती. २०२२च्या दिवाळीनंतर अकराव्या मजल्यावरच्या नव्या घराची किल्ली मिळाली. आजूबाजूची घरं लागत होती ती सगळी राखाडी-पांढऱ्या लॅमिनेटची, मॉलमधल्या दुकानासारखी. आम्हाला तसं नको होतं. आमच्याकडे सासऱ्यांची शिसवी आरामखुर्ची होती, १९५८ साली वेंगुर्ल्याला पोस्टात असताना त्यांनी तिथल्या सुताराकडून करून घेतलेली. लांब हातांची, वेताच्या विणीची. सासूबाईंचं आरशाचं कपाट होतं, आरशाच्या कडा तिरक्या घासलेल्या. या दोन वस्तूंना शोभेल असं घर हवं, एवढीच मागणी. मुलगी म्हणाली, "काकू, याला क्लासिक म्हणतात. तुमच्याकडे अर्धं आहेच, उरलेलं मी जमवते."

कोटेशन आलं १४ लाख ८० हजारांचं. चकचकीत कागद, प्रत्येक खोलीचं थ्रीडी चित्र. त्या चित्रांनीच घोळ केला. मी बत्तीस वर्षं बँकेत काढली, दुसऱ्याच्या कर्जाच्या कागदातला प्रत्येक शब्द बोट ठेवून वाचला, आणि स्वतःच्या घराच्या वेळी चित्रं बघत बसले. चित्राखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘टीक फिनिश’, ‘वॉटरप्रूफ प्लाय’, ‘प्रीमियम पेंट किंवा समकक्ष’. तोंडी मात्र ती म्हणत होती बल्लारशाचं सागवान, ७१० नंबरचा, म्हणजे पाण्यात टिकणारा प्लाय, धुता येणारा पहिल्या दर्जाचा रंग.

फिनिश म्हणजे वरून दिसणारं रूप. टीक फिनिश कशावरही होतं. आंब्याच्या लाकडावर होतं, रबरवुडवर होतं, छापील कागदावरसुद्धा होतं. हा शब्द मला तेव्हा कुणी फोड करून सांगितला असता तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

पैशांचे टप्पेही तिनंच ठरवलेले. निम्मे सहीच्या दिवशी, तीस टक्के सुतार कामाला लागल्यावर, उरलेले हळूहळू. म्हणजे पहिला खिळा ठोकला न ठोकला तोच ऐंशी टक्के तिच्या हातात. त्यातले साडेतीन लाख रोख घेतले, "जीएसटीचे अठरा टक्के कशाला भरता काका?" असं म्हणून. आम्हीही मोहात पडलो, खोटं कशाला बोलू. कर वाचवायच्या नादात साडेतीन लाखांचा पुरावाच आम्ही स्वतःच्या हातानं पुसला.

आता खुर्चीचं. काम सुरू झाल्यावर महिनाभरानं ती म्हणाली की खुर्ची आणि कपाट वर्कशॉपला नेऊन नीट करून आणते, घरात धूळ होईल, पॉलिशचा वास बसेल. टेम्पो आला, दोघा हमालांनी खुर्ची उचलली, लिफ्टमध्ये बसेना म्हणून जिन्यानं नेली. अकरा मजले. मधे दोनदा टेकवली, इतकी जड. आम्ही ना फोटो काढला, ना पावती घेतली. ‘पॉलिशला दिलं’ एवढंच.

पाच आठवड्यांनी दोन्ही वस्तू आल्या. चकाचक. खुर्चीला नवी वीण, कपाटाला पितळी मुठी. मी हरखून गेले. हे मात्र गप्प. दुसऱ्या दिवशी सकाळी झाडताना मी ती खुर्ची पायानं सरकवली आणि ती सरकली. शिसवी खुर्ची पायानं सरकत नाही. मी यांना हाक मारली. ते आले, गुडघ्यावर बसले आणि डाव्या हाताच्या खालच्या बाजूला बोटं फिरवायला लागले. सहावीत असताना त्यांनी कंपासपेटीतल्या कर्कटकानं तिथे ‘अ. ६ ब’ असं कोरलं होतं आणि त्याबद्दल सासऱ्यांचा मारही खाल्ला होता. तिथे काहीच नव्हतं. गुळगुळीत.

"काका, घासताना गेलं असेल," मुलगी फोनवर म्हणाली.

घासताना अर्धा सूत खोल अक्षरं जात असतील तर खुर्चीही बारीक व्हायला हवी. कपाटाच्या बिजागऱ्या बघितल्या. जुन्या सुतारानं मारलेले सगळे स्क्रू एका चिरेचे होते, हे मला पक्कं आठवतं, कारण एक ढिला झाला की मी तो दहा पैशांच्या नाण्यानं आवळायचे. आता तिथे फुलीचे स्क्रू होते. आरशाची तिरकी कडही नव्हती. सरळ कापलेली काच आणि भोवती पट्टी.

तिच्या सुतारानंच शेवटी तोंड उघडलं. राजस्थानातला माणूस, तीन महिने आमच्याकडे चहा पीत होता. त्याचे सत्तर हजार तिनं थकवले होते म्हणून बोलला, नाहीतर बोलला नसता. म्हणाला, "माताजी, ये हलकी लकड़ी है, ऊपर से रंग मारा है." तो पुढे म्हणाला की जुनं शिसवी फर्निचर शोधणारे लोक असतात, हॉटेलं असतात, फार्महाउसवाले असतात. नग मुंबईला गेला की त्याला आईबाप राहत नाहीत. आमच्या खुर्चीची नक्कल करायला पाच आठवडे लागले, ते बहुधा त्या वेताच्या विणीमुळे.

मग मी घरभर फिरले, बँकेच्या तपासनिसासारखी. बासष्ट हजारांना घेतलेलं ‘चोरबाजारातून मिळालेलं कोलोनियल’, म्हणजे इंग्रजांच्या काळातलं, कन्सोल टेबल (भिंतीला लावायचं अरुंद टेबल) उलटं केलं. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढला, तर मागची फळी प्लायची, काळा रंग मारलेली, आणि यंत्रानं मारलेल्या पिना. वर मात्र झीज, ओरखडे, किड्याची भोकंसुद्धा. ती झीज बघण्यासारखी आहे. खरं जुनं टेबल जिथे हात लागतो तिथे झिजतं, म्हणजे पुढची कड, मुठीभोवतीचा भाग, पायांचा खालचा वीतभर तुकडा. आमचं टेबल सगळीकडे सारखंच झिजलं होतं. मागेसुद्धा, जिथे इतकी वर्षं भिंत असायला हवी.

पावसाळा आला आणि उरलंसुरलं उघडं पडलं. सिंकखालचं कपाट जुलैत फुगलं, दार लागेना. प्लायवर ‘आयएस ७१०’चा शिक्का तिनं मला दाखवला होता. एका शीटवर. बाकीच्या शीट मी बघितल्याच नाहीत, त्यांवर लगेच सनमायका चढला. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय, त्याची परीक्षा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून होते, आणि आयएस ३०३ हा साधा, त्यात नुसती ओल सोसणारा स्वस्त प्रकारही बसतो. सुतार जाताना काही तुकडे गच्चीत टाकून गेला होता. मी त्यातला एक चहाच्या जुन्या पातेल्यात उकळायला ठेवला. दोन तासांत त्याचे पदर सुटले, अळूवडी उलगडावी तसे. प्लायच्या शिक्क्याखाली परवान्याचा नंबर असतो आणि तो भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर या मोबाइल ॲपवर टाकून बघता येतो, हे मला तेव्हा कळलं. घरात आलेली प्रत्येक शीट उभी करून शिक्का बघायला अर्धा तास लागतो. आमच्या गेटवरच्या वहीत वॉचमननं टेम्पोची नोंद करताना लिहिलं होतं, ‘प्लाय ३६ नग’. आमच्या बिलात ५८ होते. ती वही आज आमच्या वकिलांकडे झेरॉक्स होऊन पडली आहे, त्या वॉचमनला मी दिवाळीला साडी-धोतर केलं.

रंगाची गोष्ट सगळ्यात जास्त लागली, कारण रंग ही तिची खरी विद्या होती. मोरपंखी भिंतीवर नातवाचा हात लागला म्हणून ओलं फडकं फिरवलं तर फडकं मोरपंखी झालं. धुता येणारा इमल्शन असा उतरत नाही. रंगाऱ्याला गाठलं. तो म्हणाला, "डबे सील तोडलेलेच यायचे, मॅडम स्वतः आणायच्या, टोकनपण नसायचं." कंपन्या रंगाऱ्यांसाठी डब्यात बक्षिसाचं टोकन टाकतात, त्यामुळे डबा आधी कुणी उघडला हे रंगारी बरोबर ओळखतो. तसंच दुकानात शेड मिक्स केली की मशीन एक चिकटपट्टी छापतं, शेडचा नंबर, बेस, तारीख. आमच्या बाल्कनीत उरलेल्या डब्यांवर ती कुठेच नव्हती. भारी डब्यात हलका रंग ओतून आणलेला. शेड मात्र हुबेहूब. त्यासाठी तिनं किती खटपट केली असेल, याचं मला अजून नवल वाटतं.

पडद्यांचं थोडक्यात सांगते. ती नेईल त्या दुकानात तिचं कमिशन असतं, हे जगजाहीर आहे, त्यात मी तिला फार दोष देत नाही. समोरच्या घरात तेच कापड मीटरला ७८० रुपयांनी आलं, आमच्याकडे ११५०नं. सांगून घेतलं असतं तर दिलं असतं.

पोलिसांत गेलो. साहेब चांगले होते, चहा दिला आणि म्हणाले की हा दिवाणी मामला आहे. खुर्ची आमचीच होती हे दाखवायला काय आहे? सासऱ्यांचा एक फोटो आहे, खुर्चीत बसलेले, पेपर वाचताना. खुर्ची अर्धी पेपरामागे.

तिचं कार्ड नीट बघितलं तेव्हा कळलं की नावापुढे पदवीसारखी अक्षरं आहेत, नोंदणी क्रमांक कुठेच नाही. आर्किटेक्टला १९७२च्या कायद्यानं कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी लागते. इंटिरियर डिझायनर म्हणवून घ्यायला तशी नोंदणी लागत नाही, पाटी लावली की झालं. या व्यवसायातल्यांची संस्था आहे, पण तिचं सभासदत्व ऐच्छिक. जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकला तर भलत्याच फर्मचा निघाला. हे दोन मिनिटांचं काम मी सहीनंतर नऊ महिन्यांनी केलं.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, त्या मुलीनं उत्तर दिलं नाही. वकिलाची नोटीस गेली, ती ‘पत्ता सोडून गेले’ शेऱ्यानं परत आली. मग जिल्हा ग्राहक आयोग. ५० लाखांपर्यंतचा मोबदला दिलेली प्रकरणं तिथे चालतात, दोन वर्षांच्या आत जावं लागतं. आम्ही एकूण १३ लाख ४० हजार दिले होते, पण बँकेतून गेलेले ९ लाख ९० हजारच दाखवता आले. पाच ते दहा लाखांच्या टप्प्याला शुल्क २०० रुपये. तेवढंच काय ते स्वस्त. तारखा पडताहेत.

कोणी विचारतं, मग आता कसं करायचं? माझ्या धाकट्या जावेनं यंदा घर केलं, तिला मी सांगितलं ते इथे सांगते. कागदावर लाकडाचं नाव घाल, जाडी घाल, आयएस नंबर घाल. जिथे फिनिश, समकक्ष, प्रीमियम दिसेल तिथे पेननं काट मार आणि दोघांच्या सह्या घे. प्लाय आणि रंगाचे पैसे दुकानदाराला थेट दे, बिल आपल्या नावावर. डिझायनरला तिच्या डोक्याचे पैसे वेगळे दे, भरघोस दे, त्यात घासाघीस करू नकोस, कारण तिथे मारलेलं ती दुसरीकडून भरून काढते. आणि जुनी वस्तू उंबऱ्याबाहेर पाठवू नकोस. पॉलिशवाला घरी येतो. चपड्याचं पॉलिश हातानं करणारे कारागीर अजून आहेत, भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये चौकशी केली तर मिळतात. चार दिवस घरात स्पिरिटचा वास येईल, येऊ दे.

भिंत आम्ही पुन्हा रंगवली, चांगल्या रंगानं. शेड तीच ठेवली. मुलगा म्हणाला, बदल, तिची आठवण कशाला? पण संध्याकाळी त्या भिंतीवर ऊन येतं तेव्हा ती सुंदर दिसते, त्याला मी काय करू.

मुंबईत ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या दुकानांत आणि चोरबाजारात मिळून आम्ही चार फेऱ्या मारल्या. दुकानदार आता ओळखतात. यांना आत सोडतात, हे एकेका खुर्चीजवळ वाकतात, डाव्या हाताखालून बोटं फिरवतात आणि पुढच्या खुर्चीकडे जातात. तुमच्या पाहण्यात एखादी लांब हातांची शिसवी आरामखुर्ची आली, हॉटेलात, कुणाच्या फार्महाउसवर, तर एवढं करा. ‘अ. ६ ब’. अक्षरं वाकडी आहेत, ‘ब’चा दांडा अर्धाच आहे, कारण तेवढ्यात सासरे आले होते.