फोंड्यात बसून न्यू जर्सीचे मतदान : परदेशस्थ मतदारांच्या अर्जाचे परीक्षण

माझी वहिनी पस्तीस वर्षे न्यू जर्सीत काढून, दादाच्या निधनानंतर 2023 मध्ये फोंड्याला परतली. नागरिकत्व अमेरिकेचे असल्यामुळे इथल्या मतदार यादीत तिचे नाव येण्याचा प्रश्न नव्हता, आणि तिथले घर विकल्यावर तिथला हक्कही संपला, असे घरातले आम्ही सगळेच धरून चाललो होतो. तो संपत नाही. अमेरिकेच्या 1986 च्या कायद्यानुसार परदेशात राहणाऱ्या अमेरिकी नागरिकाला अमेरिकेतील आपल्या शेवटच्या पत्त्यावरून संघराज्याच्या, म्हणजे राष्ट्राध्यक्षपदाच्या आणि संसदेच्या, निवडणुकांत मत देता येते, त्या घरात आज दुसरे कोणी राहत असले तरीही. त्यासाठी 'फेडरल पोस्ट कार्ड ॲप्लिकेशन' हा अर्ज असून तो तिथल्या संरक्षण खात्याच्या अखत्यारीतील मतदार साहाय्य कार्यक्रमाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो. आम्ही तो दोनदा भरला, 2024 मध्ये आणि यंदा जानेवारीत, त्या अनुभवावरून हे लिहीत आहे.

या अर्जाचा पहिला गुण असा की नावनोंदणी आणि मतपत्रिकेची मागणी ही दोन्ही कामे एकाच कागदावर होतात. संकेतस्थळ आधी राज्य विचारते, मग काउंटी, म्हणजे तिथला जिल्हा, आणि भरलेला अर्ज नेमका कोणत्या कार्यालयात पाठवायचा तो पत्ता स्वतःच काढून देते. अर्जाच्या पहिल्याच भागात 'पूर्वीची नावे' असा रकाना आहे. तो पाहून वहिनी हसली आणि म्हणाली, "भाऊजी, एवढ्याशा जागेत कसं मावायचं?" तिचा जन्म पोर्तुगीज अमदानीतला, त्यामुळे दाखल्यावर माहेरचे 'नायक' हे आडनाव शेवटी 'क्यू-यू-ई' लावून लिहिलेले, शाळेच्या दाखल्यात तेच साध्या 'के'ने संपते, लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिले गेलेले नाव तिसरेच, आणि अमेरिकेच्या पासपोर्टावर त्याच्यापुढे दादाचे नाव मधले नाव म्हणून बसलेले. आपल्याकडे ही काही नवलाची गोष्ट नाही. परंतु ज्या यंत्रणेत नाव अक्षराला अक्षर जुळवले जाते तिथे अशा बाईचे काय होते, हे मला या अर्जाच्या निमित्ताने प्रथमच नीट वाचावे लागले.

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात 2018 मध्ये अर्जावरचे नाव सरकारी नोंदीशी तंतोतंत जुळले नाही, या व अशा कारणांनी त्रेपन्न हजारांच्या आसपास नोंदण्या प्रलंबित पडल्या होत्या आणि त्यांतील बहुसंख्य अर्जदार कृष्णवर्णीय होते. कॅन्ससने नोंदणीसाठी नागरिकत्वाचा कागद सक्तीचा केला, तेव्हा एकतीस हजारांहून अधिक लोकांचे अर्ज अडकले. तो नियम 2018 मध्ये संघराज्याच्या न्यायालयाने रद्द ठरवला. तरी प्रयत्न थांबलेले नाहीत. मार्च 2025 मधील राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने असाच कागद संघराज्याच्या नोंदणी अर्जालाही जोडायला लावण्याचा घाट घातला, तो न्यायालयाने अडवला. एप्रिल 2025 मध्ये त्याच आशयाचे विधेयक तिथल्या संसदेच्या प्रतिनिधिगृहाने संमत केले. वहिनीकडे पासपोर्ट आहे, म्हणून ती निभावून जाईल. ज्या बाईकडे केवळ जन्मदाखला आहे आणि त्यावर माहेरचे आडनाव आहे, तिने जुळवाजुळव करायची कशी? गेल्या हिवाळ्यात आपल्या गोव्यातही मतदार यादीच्या विशेष सखोल पुनरीक्षणासाठी 2002 च्या यादीत आपली नावे शोधताना पुष्कळांना याची थोडी चव मिळालीच आहे.

दुसरा प्रश्न मात्र अर्जाने अनपेक्षितपणे अवघड केला. परदेशस्थ नागरिकाने आपण परत जाण्याचा इरादा बाळगतो की तो अनिश्चित आहे, हे एका खुणेने सांगायचे असते. हा नुसता भावनेचा प्रश्न नाही, कारण काही राज्यांत दुसऱ्या उत्तरावर केवळ संघराज्य पातळीवरील पदांचीच मतपत्रिका मिळते. या परिणामाची सूचना त्याच चौकटीत ठळकपणे द्यायला हवी होती, असे माझे मत आहे. वहिनी त्या दोन ओळींसमोर बराच वेळ बसली, चहा निवला, आणि मग तिने 'अनिश्चित' यावर खूण केली.

छपाईबाबत एक व्यावहारिक सूचना. अर्ज अमेरिकी 'लेटर' आकाराच्या कागदासाठी बेतलेला आहे. फोंड्यातल्या तिस्कावरच्या झेरॉक्सच्या दुकानात तो ए-फोरवर काढला तेव्हा तळाची सहीची चौकट कडेला कापली गेली, आणि सही हाच त्या अर्जाचा प्राण आहे, कारण मजकूर खरा असल्याचे शपथपूर्वक सांगून ती केलेली असते. दुकानदाराला 'फिट टू पेज' सांगावे, म्हणजे दुसऱ्यांदा पैसे पडत नाहीत.

1986 च्या त्याच कायद्यातील 2009 च्या दुरुस्तीनुसार, वेळेत अर्ज केलेल्या मतदाराला मतपत्रिका निवडणुकीच्या किमान 45 दिवस आधी पाठवावी लागते आणि कोरी मतपत्रिका ई-मेलने मागवण्याची सोयही ठेवावी लागते. मतदान 5 नोव्हेंबर 2024 ला होते, म्हणजे मुदत 21 सप्टेंबर. चवथ आटोपली, पितृपक्ष लागला, आणि मतपत्रिका खरोखरच मुदतीत आली. त्याआधी मधल्या नावावरून स्थानिक कार्यालयाने एक शंकेचे पत्र पाठवून चार दिवस आमचा जीव टांगणीला लावला होता. 'पूर्वीची नावे' हा रकाना तिथे कोणी वाचलाच नव्हता, असे फोनवर निष्पन्न झाले. न्यू जर्सीत भरलेली मतपत्रिका ई-मेलने परत पाठवता येते, परंतु मूळ कागदही टपालाने धाडावाच लागतो, आणि ई-मेलच्या मार्गात मताची गुप्तता सोडल्याच्या कबुलीवर सही द्यावी लागते. हे वहिनीला मुळीच रुचले नाही, मलाही नाही.

सेवेला मी पाचपैकी चार देईन. एक गुण त्या इराद्याच्या चौकटीतील मौनासाठी कापला आहे. गोव्यात परतलेल्या अमेरिकी नागरिकांनी एवढे ध्यानात ठेवावे की अर्ज एकदा भरून भागत नाही, तो दरवर्षी जानेवारीत नव्याने पाठवणे श्रेयस्कर. मतपत्रिका वेळेवर आलीच नाही, तर त्याच संकेतस्थळावर उमेदवारांची नावे हाताने लिहिण्याची पर्यायी मतपत्रिका मिळते. 3 नोव्हेंबर 2026 च्या निवडणुकीसाठी वहिनीने ती आताच छापून, यंदा पूर्ण चौकटीसह, पासपोर्टाच्या पाकिटात घालून ठेवली आहे.