ग्रास कटरची युनिव्हर्सल रेस वायर : पाकिटावरच्या लांबीवर जाऊ नका

पावसाळा सरता सरता बागांची बेणणी (गवत काढणं) निघते आणि हार्डवेअरच्या दुकानात ग्रास कटरच्या रेस वायरी (मुठीवरच्या खटक्यापासून कार्बोरेटरपर्यंत जाणारी, इंजिनाचा वेग कमी-जास्त करणारी तार) टांगलेल्या दिसू लागतात. काळं कव्हर, दोन टोकांना दोन निप्पल (तार अडकवायचे धातूचे तुकडे) आणि पाकिटावर ‘युनिव्हर्सल’. किंमत दोन-तीनशेच्या आत. वस्तू वाईट नाही, ‘युनिव्हर्सल’ हा शब्द मात्र फार मनावर घेऊ नये.

पाकिटावर लिहिलेली लांबी बहुधा कव्हरची असते. मशीनला त्यापेक्षा जास्त फरक पडतो तो कव्हराबाहेर उरणाऱ्या तारेने. जुनी वायर टेबलावर सरळ ताणा, एका बाजूचं निप्पल कव्हराला टेकवा आणि दुसऱ्या बाजूला किती तार बाहेर येते ते मोजा. नव्या वायरीत ती कमी भरली तर कार्बोरेटर (इंजिनात हवा-पेट्रोल सोडणारा भाग) कायम थोडा उघडा राहतो आणि चालू करताच पातं फिरू लागतं. जास्त भरली तर खटका पूर्ण दाबूनही रेस पुरी लागत नाही. ॲडजस्टरची (तारेचा ताण जुळवायच्या स्क्रूची) आटी जेमतेम सेंटीमीटरभर असते, त्यापलीकडचा फरक तो झाकू शकत नाही. दोन्ही निप्पलांचा आकारही जुन्याशी ताडून पाहा. गोल गोळी आणि आडवा दंडगोल एकमेकांच्या जागी बसत नाहीत.

कव्हराची लांबी हँडलवर ठरते. गोल हँडलला आखूड, सायकलसारख्या दोन मुठींच्या हँडलला लांब, आणि पाठीवरच्या मशीनला त्याहून लांब. कव्हराच्या आत नायलॉनची नळी असेल तीच वायर घ्या. तिला तेल पाजू नका, तेलावर धूळ बसून तार जड होते.

वायर बदलण्याआधी दोष तिचाच आहे का ते बघा. कार्बोरेटरकडचं टोक सोडवून लिव्हर (तार ओढते तो छोटा दांडा) बोटाने फिरवा. लिव्हर अडकत असेल तर वायर निर्दोष आहे. वायर सोडल्यावरही स्लो स्पीडला (खटका न दाबता) पातं फिरत असेल तर तो वेग ठरवणारा आयडल स्क्रू जास्त आवळलेला असतो किंवा क्लचची स्प्रिंग गेलेली असते. होंडाच्या जीएक्स३५ इंजिनाचा स्लो स्पीड ३,१०० आरपीएमच्या आसपास असतो.

बसवताना इंजिन थंड हवं आणि प्लगची टोपी काढलेली हवी. एअर फिल्टरचं झाकण उघडा, ॲडजस्टरचा लॉकनट सैल करा (बहुतेक ८ किंवा १० चा पान्हा लागतो), लिव्हरवरची निप्पल धरणारी फिरकी तारेच्या रेषेत आणून निप्पल खाचेतून काढा. मूठ उघडण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण आतली बारीक स्प्रिंग हमखास उडते. नवी वायर आधी खटक्याला अडकवा. पाइपावरून नेताना तिला तीव्र वळण देऊ नका आणि सायलेन्सरपासून लांब ठेवा, नाहीतर कव्हर वितळतं. स्विचच्या दोन बारीक वायरी तिच्यासोबतच बांधा. त्यांचं आवरण घासून आतली तांब्याची तार धातूला टेकली तर स्पार्क जातो आणि मग लोक कार्बोरेटर उघडत बसतात.

शेवटी कार्बोरेटरकडे तारेला १ ते २ मिलिमीटर ढिलाई ठेवून लॉकनट आवळा. खटका पूर्ण दाबल्यावर लिव्हर शेवटच्या टेकणीला लागला पाहिजे, सोडल्यावर झटकन मागे आला पाहिजे. इंजिन चालू करून हँडल डावी-उजवीकडे फिरवा. आवाज चढला तर वायर ताणली जाते आहे, तिचा मार्ग बदला.

तार तुटते ती बहुधा खटक्याच्या निप्पलपाशी. निप्पल आपल्या खाचेत फिरेनासं झालं की प्रत्येक दाबाला तार त्याच जागी वाकते आणि तिचा एकेक धागा तुटत जातो. तुटलेले धागे बोटाला टोचतात, तीच बदलण्याची वेळ. म्हणून फक्त त्या खाचेत मोहरीएवढं ग्रीस लावा. सायकलवाल्याकडून ब्रेकची तार घालून घेणं तात्पुरतं ठीक आहे. ती तार बरेचदा जाड असल्याने खटका जड होतो, आणि कापलेल्या टोकाला स्क्रूने आवळलेलं निप्पल सरकतं.

एक सवय मोडा: पावसात काम झाल्यावर इंजिन खाली करून कटर गडग्याला (दगडी कुंपणाला) टेकवणं. पाणी कव्हरातून उतरून कार्बोरेटरकडच्या टोकाशी साचतं, आणि नवी वायरही तिथूनच गंजते.