जीपीएस रनिंग घड्याळ: जुनं ठेवावं की नवं घ्यावं?

नवं घड्याळ घेऊन बरेच महिने झाले. जुनंही अजून ठणठणीत आहे, त्यामुळे सुरुवातीला दोन्ही मनगटांवर एकेक बांधून पळत होतो. लोक बघायचे, बघोत बापडे. दोन्ही एकाच कंपनीची: जुनं एका फ्रिक्वेन्सीवर चालणारं, नवं ड्युअल-बँड, म्हणजे दोन फ्रिक्वेन्सींवर चालणारं.

फरक सगळ्यात जास्त जाणवतो तो उंच इमारतींच्या मधून पळताना. तिथे सॅटेलाइटचा सिग्नल भिंतींवर आपटून उशिरा पोहोचतो आणि घड्याळाचा अंदाज चुकतो. जुन्याच्या नकाशात माझी रेघ खुशाल लोकांच्या घरांतून जायची. ५:४० च्या पेसने (किलोमीटरला ५ मिनिटं ४० सेकंद) पळतोय आणि स्क्रीनवर मध्येच ४:१५! नवं घड्याळ नेहमीच्या एल१ (१५७५.४२ मेगाहर्ट्झ) बरोबर एल५ (११७६.४५ मेगाहर्ट्झ) हाही सिग्नल पकडतं. थेट आलेला सिग्नल कुठला आणि आपटून आलेला कुठला, हे एल५ वर ओळखणं सोपं जातं. आता रेघ रस्ता सोडत नाही, बहुतेक वेळा रस्त्याच्या कुठल्या कडेने पळालो तेही दिसतं. पुलाखाली मात्र हेही गडबडतं. त्या क्षणाचा पेस अजूनही नाचतोच, म्हणून स्क्रीनवर लॅप पेस (चालू टप्प्याचा सरासरी पेस) ठेवलाय. तो जुन्यातही होता.

मोकळ्या रस्त्यावर दोघांच्या अंतरात नाव घेण्यासारखा फरक नाही. तुमचा रोजचा रूट उघड्या आभाळाखालचा असेल तर निव्वळ ड्युअल-बँडसाठी खर्च करू नका.

नवं घड्याळ मॅरेथॉनला बरोबर ४२.१९५ दाखवेल अशीही आशा नको. मार्ग मोजतात तो कॅलिब्रेट केलेल्या सायकलने, सर्वात जवळच्या रेषेवरून, आणि कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे १ मीटर जादा धरून. आपण पाण्याच्या टेबलाकडे वळतो, वळणं बाहेरून घेतो, गर्दीतून वाट काढतो. घड्याळात ४२.६ आले तर त्यातलं बरंचसं आपण खरंच पळालेलो असतो. शिव्या घड्याळाला.

ट्रॅकवर इंटरव्हल (जोरात आणि सावकाश असं आलटून-पालटून पळणं) करणाऱ्यांनी ट्रॅक मोड आहे का ते जरूर बघावं. लेन सांगायची, सुरुवातीला काही फेऱ्या मारून त्याला ट्रॅक ओळखू द्यायचा, की मग ४०० मीटरला ४०० च दिसतात. लेन मात्र खरी सांगा. आठव्या लेनची फेरी ४५० मीटरच्या वर जाते.

हार्ट रेटसाठी बदलणार असाल तर आधी थांबा. मनगटावरचा सेन्सर हिरवा प्रकाश टाकून रक्तप्रवाह मोजतो आणि हात हलला की फसतो. नव्याचा सेन्सर सुधारलाय, तरी गार सकाळी पहिली दहा मिनिटं तो कधीकधी पावलांची लय पकडून बसतो: आरामात पळतोय आणि आकडा १७५. पट्टा मनगटाच्या हाडाच्या वर, घट्ट बांधला की बरं चालतं. पण इंटरव्हलला मी अजून छातीचा स्ट्रॅपच लावतो, आणि तो जुन्या घड्याळालाही जोडता येतो. आकडे खरे हवे असतील तर आधी स्ट्रॅप घ्या. व्हीओटू मॅक्सचा (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं त्याचा) अंदाज याच आकड्यांवरून निघतो, तेव्हा तोही सुधारेल.

चढ-उतार जास्त असेल तर हवेच्या दाबावरून उंची सांगणारा बॅरोमीटर कामाचा. जुन्यात नव्हता, तिथे चढाईचे आकडे कसेही यायचे. फक्त हवा बदलली की तोही सरकतो: दाब १ हेक्टोपास्कल बदलला तर उंचीत साधारण ८ मीटर. घामाने त्याचं बारीक छिद्र बुजतं, धुवत राहा.

नव्याची अॅमोलेड (स्वतः उजळणारी) स्क्रीन पहाटेच्या अंधारात झकास दिसते, भर उन्हात मला जुनीच आवडते. झोपेचा स्कोर, रेडिनेस (आज शरीर व्यायामाला किती तयार आहे त्याचा आकडा) वगैरे आठवडाभर कौतुकाने पाहिलं, मग सोडून दिलं. झोप झाली की नाही हे मला घड्याळाने सांगायला नको.

सॅटेलाइट पकडायला वेळ लागतो म्हणून जुनं काढत असाल तर निघण्याआधी फोनशी सिंक करून बघा. पुढच्या काही दिवसांत सॅटेलाइट कुठे असतील त्याची फाइल त्यातून येते, आणि ती जुनी झाली असेल तर शोधाशोध लांबते. बॅटरी मात्र खरं कारण: लॉंग रनच्या मध्येच घड्याळ मान टाकत असेल तर खुशाल बदला. ड्युअल-बँड बॅटरी जास्त खातं, म्हणून मी मोकळ्या रूटवर ते बंदच ठेवतो.