डिपेंडन्सी-चेक की ट्रिव्ही? जावाच्या पाइपलाइनसाठी निवड करताना

मेव्हन या जावाच्या बिल्ड टूलचा प्रोजेक्ट जेनकिन्स किंवा गिटलॅबवर बिल्ड होतो आणि त्यातल्या लायब्ररींमधल्या सीव्हीई (जाहीर झालेल्या, क्रमांक दिलेल्या सुरक्षा त्रुटी) प्रत्येक बिल्डला आपोआप तपासायच्या आहेत. अशा वेळी फुकट पर्यायांत ओवॅस्पचा डिपेंडन्सी-चेक आणि अ‍ॅक्वा सिक्युरिटीचा ट्रिव्ही ही दोन नावं हमखास पुढे येतात. लायब्ररी ओळखायची दोघांची रीत निराळी आहे आणि निवड त्यावरच करावी.

डिपेंडन्सी-चेक जारच्या (जावा लायब्ररीच्या पॅक केलेल्या) फाइलचं नाव, मॅनिफेस्ट (जारमधली माहितीची फाइल), पोम (मेव्हनची लायब्ररींची यादी) यांतून पुरावे गोळा करतो आणि एनव्हीडी या अमेरिकी सरकारी त्रुटी-डेटाबेसमधल्या सीपीईशी, म्हणजे उत्पादनाच्या ठरावीक नाव-कोडशी, जुळवतो. त्यामुळे कुणीतरी लिब फोल्डरमध्ये हाताने टाकलेला जुना जारही बऱ्याचदा सापडतो. पण अंदाजाने जुळवणी म्हटली की खोटे इशारे आलेच. ते दाबायला सप्रेशनची एक्सएमएल फाइल लागते. तिच्यातल्या प्रत्येक नोंदीला ‘अनटिल’ तारीख द्याच, नाहीतर आज दाबलेला इशारा कायमचा गाडला जातो. शिवाय फेब्रुवारी २०२४ पासून एनव्हीडीचं विश्लेषण रखडलं, आणि सीपीई न जोडलेली सीव्हीई अशा जुळवणीत निसटते.

सगळ्यात जास्त वैताग डाउनलोडचा. एनव्हीडीची एपीआय की (डेटा मागताना द्यायची ओळख-किल्ली) नसेल तर ३० सेकंदांत ५ विनंत्या, असेल तर ५०. दर बिल्डला नवा कंटेनर उभा राहत असेल तर सगळा डेटा पुन्हा पहिल्यापासून उतरतो आणि बिल्ड तासन्‌तास अडकू शकतं. त्यावर उपाय असा: डेटा फोल्डर कॅशमध्ये ठेवा, तो रात्रीच्या एकाच जॉबने अपडेट करा आणि बाकी बिल्डमध्ये ऑटो-अपडेट बंद ठेवा.

ट्रिव्ही मेव्हनमधली लायब्ररीची ओळख, म्हणजे ग्रुप, आर्टिफॅक्ट आणि व्हर्जन, थेट अ‍ॅडव्हायझरीशी (त्रुटींच्या सूचनांशी) ताडतो, म्हणून खोटे इशारे बरेच कमी. मात्र एक खाच आहे: ‘एफएस’ (फोल्डरचा) स्कॅन पोम वाचतो, जार उघडत नाही. जार तपासायचे तर ‘इमेज’ (डॉकर इमेजचा) किंवा ‘रूटएफएस’ (उघडलेल्या फाइल सिस्टिमचा) स्कॅन हवा. पोम नसलेला जार तो हॅशवरून (फाइलच्या डिजिटल ठशावरून) शोधतो. घरी बदल करून बांधलेल्या जारचा हॅश त्याच्या यादीत नसणार, तेव्हा रिपोर्टमध्ये त्याचं नावही नसू शकतं. डेटाबेस उतरवताना रजिस्ट्रीने (तो जिथून उतरतो त्या सर्व्हरने) ‘टू मेनी रिक्वेस्ट्स’ म्हणून अडवलं, तर मुख्य आणि जावा, दोन्ही डेटाबेसची प्रत स्वतःच्या रजिस्ट्रीत ठेवा.

दोन्ही टूल जशीच्या तशी लावली, तर काहीही सापडलं तरी बिल्ड हिरवंच राहतं. डिपेंडन्सी-चेकची बिल्ड पाडायची मर्यादा मुळात ११ आहे आणि सीव्हीएसएसचा (त्रुटीच्या गंभीरतेचा) कमाल गुण १०! ट्रिव्हीचा एक्झिट-कोड मुळात ०, म्हणजे ‘सगळं ठीक’, असतो. म्हणजे १० गुणांची लॉग4शेल ही त्रुटी असलेला लॉग4जे २.१४.१ (लॉग लिहिणारी जावा लायब्ररी) रिपोर्टमध्ये छापला जाईल आणि सरळ प्रॉडक्शनला पोचेल. डिपेंडन्सी-चेकची मर्यादा ९ करा, किंवा ट्रिव्हीचा एक्झिट-कोड १ आणि सिव्हिअरिटी (गंभीरता) क्रिटिकल ठेवा. जुन्या त्रुटींचा साठा संपला की ७ वर, म्हणजे हायपर्यंत उतरा. पहिल्याच दिवशी ७ लावलं, तर वैतागून कुणीतरी ती स्टेजच काढून टाकतं.

डिपेंडाबॉट या स्पर्धेत नाही. तो गिटहबवर व्हर्जन वाढवणारी पुल रिक्वेस्ट उघडतो, बिल्ड अडवत नाही. तो सोबतीला जरूर असू द्या.

शेवटी डॉकर इमेजच जात असेल तर ट्रिव्ही घ्या. टॉमकॅट सर्व्हरवर थेट वॉर (जावा वेब ॲपची पॅक केलेली फाइल) जात असेल आणि त्यात कुठून आले ते माहीत नसलेले जार असतील, तर डिपेंडन्सी-चेकचा त्रास सोसण्याजोगा आहे. कुठलंही घ्या, प्रॉडक्शनमधल्या व्हर्जनचा स्कॅन रोज रात्री वेगळा चालवा: लॉग4शेल डिसेंबर २०२१ मध्ये जाहीर झाली, तेव्हा धोक्यातले कितीतरी बिल्ड आधीच हिरवे होऊन गेले होते.